अमेरिकेत बायकांना मत मिळायला बहात्तर वर्षं का लागली?

नमस्कार. तुमची मुलगी नववीत आहे, तिने प्रकल्पासाठी अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकाराचा विषय घेतलाय आणि एका जागी ती अडली आहे. मागणी झाली १८४८ मध्ये, अधिकार मिळाला १९२० मध्ये. लोकशाहीचा एवढा डंका पिटणाऱ्या देशाला बहात्तर वर्षं का लागली? आपल्याकडे १९५० मध्ये एका दमात कसं झालं? आणि मुखपृष्ठावर या चळवळीतल्या नेत्या सुसान अँथनीचा फोटो लावला तर चालेल का? असे तुमचे तीन प्रश्न आहेत. फोटोचं शेवटी सांगते.

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या हायस्कूलमध्ये बावीस वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला. नागरिकत्व मिळालं तेव्हापासून निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर टेबलाला बसते. सकाळी सहाला दार उघडतं, म्हणून आम्हाला अंधारातच हजर व्हावं लागतं. तुमच्या मुलीचा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी यायचा. सुरुवातीला मी त्याचं सरळ उत्तर द्यायचे: लोकांचे विचार मागासलेले होते, हळूहळू बदलले. हे उत्तर खोटं नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. विचार तर १८९० पर्यंत बऱ्याच जणांचे बदलले होते. मग पुढची तीस वर्षं कशात गेली?

अडचण अशी की ‘बायकांना मत कधी मिळालं’ या प्रश्नाला अमेरिकेत एक उत्तर नाही. कुठल्या बाईला, कुठल्या राज्यात आणि कुठल्या निवडणुकीत, हे आधी विचारावं लागतं. वायोमिंगमधल्या बाईला १८६९ मध्ये मिळालं. इलिनॉयमधल्या बाईला १९१३ मध्ये मिळालं, पण राष्ट्राध्यक्षासाठी आणि काही स्थानिक पदांसाठीच, गव्हर्नरसाठी नाही. मिसिसिपीतल्या काळ्या बाईला कागदावर १९२० मध्ये मिळालं आणि हातात १९६५ नंतर. आणि आमच्या न्यू जर्सीत ते १७७६ मध्येच मिळालं होतं. तिथूनच सुरुवात करते, कारण ती गोष्ट कळली की बाकीचं आपोआप सुटत जातं.

१७७६ मध्ये, इंग्लंडशी युद्ध चालू असताना, न्यू जर्सीने घाईघाईत स्वतःची राज्यघटना लिहिली. मत कोणाला, तर पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या सगळ्या सज्ञान ‘रहिवाशांना’. पुरुष असा शब्दच नव्हता. पुढे १७९० मध्ये काही जिल्ह्यांसाठी आणि १७९७ मध्ये सगळ्या राज्यासाठी जो निवडणूक कायदा झाला, त्यात मतदाराबद्दल लिहिताना चक्क ‘तो किंवा ती’ असे शब्द आले. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, त्यामुळे पन्नास पौंड स्वतःच्या नावावर असणाऱ्या बायका म्हणजे विधवा आणि अविवाहित. त्या मत द्यायला जात. मॉन्टगोमरी टाउनशिपची १८०१ ची मतदारांची यादी सापडली आहे. शाईने ओळीने लिहिलेली नावं, आणि त्यात चाळीसहून जास्त बायका. मी त्या यादीची प्रत मुलांना वाटायचे आणि बायकांच्या नावांखाली पेन्सिलने रेघ मारायला सांगायचे. दहा मिनिटं वर्गात फक्त पेन्सिलींचा आवाज. मग विचारायचे, यातल्या किती जणींना १८०८ मध्ये मत देता आलं असेल? एकीलाही नाही.

कारण १८०७ मध्ये विधिमंडळाने साधा कायदा करून मत फक्त कर भरणाऱ्या, स्वतंत्र, गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं. बायका आणि स्वतंत्र काळे लोक एकाच दिवशी बाहेर. निमित्त झालं एसेक्स जिल्ह्यातल्या कोर्टाच्या इमारतीचं. ती नेवार्कमध्ये बांधायची की एलिझाबेथच्या बाजूला, यावर मतदान झालं आणि दोन्हीकडून इतकी खोटी मतं पडली की मतदारांपेक्षा मतं जास्त झाली. पुरुषांनी झगे घालून दुसऱ्यांदा मतं दिली असंही त्या काळी बोललं गेलं. लबाडी सगळ्यांनी केली आणि शिक्षा झाली बायकांना आणि काळ्यांना. त्यामागे पक्षांची गणितंही होतीच. कोणाची मतं कमी झाली तर कोणाचा फायदा, याचा हिशेब तेव्हाही मांडला जात होता.

या गोष्टीतून दोन गोष्टी मुलीला दाखवा. घटना नव्याने लिहिली जात होती तेव्हा बायकांना आत घेणं सोपं गेलं, कोणाची समजूत काढावी लागली नाही. आणि जे राज्याने दिलं ते राज्याने काढूनही घेतलं. काढून घेणं पुढेही झालं. अजून राज्य न झालेल्या युटाने १८७० मध्ये बायकांना मत दिलं आणि १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने, म्हणजे देशाच्या संसदेने, ते काढून घेतलं. १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा परत आलं. म्हणून तुमच्या मुलीच्या मनात १८४८ पासून १९२० पर्यंत चढत जाणारी जी रेघ आहे, ती तिने पुसून टाकावी. ती रेघ अनेकदा तुटलेली आहे.

आता किल्ल्या कोणाच्या हातात होत्या ते बघू.

मतदार कोण हे १७८७ च्या संघराज्याच्या घटनेने ठरवलंच नाही. ज्याला आपल्या राज्याच्या विधिमंडळासाठी मत देता येतं, त्यालाच काँग्रेसच्या प्रतिनिधीसाठी देता येईल, एवढंच म्हटलं. म्हणजे निर्णय राज्यांकडे. १९१२ पर्यंत राज्यं अठ्ठेचाळीस झाली. यश मिळवायचं तर दोनच वाटा होत्या: एक तर एकेका राज्याची घटना बदलायची, नाही तर संघराज्याची.

राज्याच्या वाटेने जायचं तर आधी विधिमंडळात ठराव मंजूर करून घ्यायचा आणि मग बहुतेक ठिकाणी तो सार्वमताला टाकायचा. त्या सार्वमतात मत देणार कोण? पुरुष. न्यू जर्सीत तर ठराव लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी मंजूर करावा लागे, मग सार्वमत, आणि ते हरलं तर पाच वर्षं तो विषय पुन्हा लोकांपुढे नेता येत नसे. इथल्या बायका ऑक्टोबर १९१५ मध्ये हरल्या. त्यांच्यासाठी त्या दिवशी १९२० पर्यंतचं दार बंद झालं. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्सही हरले.

संघराज्याची वाट आणखी चिंचोळी. घटनादुरुस्तीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत, म्हणजे प्रतिनिधीगृहात आणि सिनेटमध्ये, दोन-तृतीयांश मतं आणि मग तीन-चतुर्थांश राज्यांची मंजुरी. अठ्ठेचाळीसपैकी छत्तीस. तेरा राज्यं अडून बसली की संपलं. आणि दक्षिणेतली बरीचशी राज्यं अडून बसलेलीच होती. बायकांना मत म्हणजे काळ्या बायकांनाही मत, आणि वॉशिंग्टनने आपल्या मतदार यादीत हात घातला तर काळ्या पुरुषांना आपण ज्या युक्त्यांनी बाहेर ठेवलंय त्याही उघड्या पडतील, ही त्यांची भीती होती.

या चळवळीच्या एक प्रमुख नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांनी नंतर सगळ्या खटपटीचा हिशेब मांडला. तो मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. पुरुष मतदारांच्या सार्वमतासाठी ५६ मोहिमा. विधिमंडळांनी विषय सार्वमताला टाकावा म्हणून ४८० मोहिमा. राज्याराज्यांतल्या पक्षांच्या अधिवेशनांत हा मुद्दा जाहीरनाम्यात यावा म्हणून २७७. आणि दर दोन वर्षांनी नवी निवडली जाणारी काँग्रेस धरली तर लागोपाठ १९ काँग्रेसपुढे १९ मोहिमा. आकडे लिहून मी बाजूला व्हायचे आणि मुलांना विचारायचे, एका मोहिमेत काय काय करावं लागत असेल? पत्रकं छापायची, गावोगाव सभा घ्यायच्या, दारोदार सह्या गोळा करायच्या, पैसे उभे करायचे, आमदाराच्या बायकोला भेटायचं, आमदाराला भेटायचं, तो टाळतो म्हणून परत भेटायचं. हे ४८० वेळा. बहात्तर वर्षं ‘का’ लागली याचं उत्तर मला या आकड्यांत जास्त सापडतं, भाषणांत कमी.

समोर विरोधकही संघटित होते, हे विसरू नये. बायका मतदार झाल्या तर दारूबंदी येणार या भीतीने दारूचे कारखानदार पैसा ओतत होते. आणि मताधिकाराच्या विरोधात बायकांच्याही संघटना होत्या, १९११ पासून तर देशपातळीवर. त्यात सुशिक्षित, सुखवस्तू घरांतल्या बायका होत्या आणि राजकारणात उतरल्याने आपलं घरातलं व समाजातलं वजन कमी होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. मुलीला हे पटणार नाही, पण ते प्रकल्पात यायला हवं.

आता १८४८ कडे येऊ. सेनेका फॉल्स, न्यूयॉर्क राज्यातलं छोटं गाव. १९ आणि २० जुलैला तिथल्या वेस्लियन चर्चमध्ये सुमारे तीनशे लोक जमले. एलिझाबेथ केडी स्टँटन आणि ल्युक्रेशिया मॉट यांची ओळख आठ वर्षं आधी लंडनमध्ये झाली होती, गुलामगिरीविरोधी परिषदेत. तिथे स्त्री प्रतिनिधींना सभेत बसू दिलं नव्हतं. सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर शंभर सह्या झाल्या, ६८ बायका आणि ३२ पुरुष. मालमत्ता, शिक्षण, नोकरी, सगळे ठराव एकमताने मंजूर झाले, फक्त मताधिकाराचा नाही. मॉट यांनाही वाटत होतं की हे मागितलं तर लोक हसतील. त्या ठरावाच्या बाजूने सभेत उभा राहिला तो गुलामगिरीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस, आणि ठराव कसाबसा पार पडला. ज्या मागणीसाठी आज ती सभा ओळखली जाते, तीच तिथे सगळ्यात नाजूक होती.

यादवी युद्धानंतर एक संधी आली आणि ती अशी हुकली की अजून वाचताना मला वाईट वाटतं. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत मतदारांबद्दल बोलताना घटनेत पहिल्यांदाच ‘पुरुष’ हा शब्द आला. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मत नाकारायला बंदी केली, लिंगाचं नाव घेतलं नाही. डग्लस म्हणाले, काळ्या माणसाचा जीव धोक्यात आहे, आधी त्याला मिळू दे. स्टँटन आणि अँथनी यांनी नकार दिला, आणि त्या वादात स्टँटन काळ्या आणि परदेशातून आलेल्या पुरुषांबद्दल जे बोलल्या आणि लिहिलं ते आज वाचवत नाही. १८६९ मध्ये चळवळीचे दोन तुकडे झाले. एकीकडे स्टँटन-अँथनी, दुसरीकडे ल्युसी स्टोन आणि त्यांचे सहकारी. एकत्र यायला १८९० उजाडलं. एकवीस वर्षं दोन संघटना, एकाच दात्यांकडे दोनदा हात पसरणं. उशिराच्या हिशेबात हेही धरा.

याच काळातली व्हाइनलँडची गोष्ट मुलीला जरूर सांगा. व्हाइनलँड दक्षिण न्यू जर्सीत आहे. ३ नोव्हेंबर १८६८, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. पोर्शिया गेज आणि त्यांच्या मैत्रिणी मतदानाच्या हॉलमध्ये गेल्या, पुरुषांच्या टेबलासमोर आपलं टेबल मांडलं आणि फळांच्या खोक्यापासून बनवलेली आपली मतपेटी त्यावर ठेवली. दिवसभरात १७२ बायकांनी मत दिलं, त्यात चार काळ्या बायका होत्या. ज्यांचं मत देऊन झालं त्या तरुण मुली दुसऱ्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक, पोरं सांभाळायच्या, म्हणजे त्या घरची बाई मत द्यायला येऊ शकेल. ती मतं मोजली गेली नाहीत. पेटी मात्र गावाच्या इतिहास मंडळाने जपून ठेवली आहे. आमच्या केंद्रावर दुपारच्या वेळी कडेवर मूल घेऊन आई येते आणि टेबलावरची बाई ते मूल दोन मिनिटं हातात घेते, तेव्हा मला दर वेळी व्हाइनलँड आठवतं.

चार वर्षांनी रॉचेस्टरमध्ये सुसान अँथनींनी तेच खऱ्या पेटीत केलं. न्हाव्याच्या दुकानात चाललेल्या नोंदणीत त्यांनी नाव घालायला लावलं आणि ५ नोव्हेंबर १८७२ ला मत दिलं. दोन आठवड्यांनी अटक. जून १८७३ मध्ये खटला चालला तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना साक्ष देऊ दिली नाही आणि ज्युरीला विचार करायला न सोडता दोषी ठरवायला सांगितलं. शंभर डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. न्यायाधीशांनीही दंडासाठी तुरुंगात टाकलं नाही, कारण टाकलं असतं तर त्यांना वरच्या कोर्टात जायची वाट मिळाली असती. कोर्टाचा उरलेला मार्ग १८७५ मध्ये बंद झाला. मिसुरीच्या व्हर्जिनिया मायनर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, बाई नागरिक आहे, पण नागरिक असणं म्हणजे मतदार असणं नाही.

म्हणजे मतपेटी नाही, कोर्ट नाही, फक्त विधिमंडळं आणि काँग्रेस उरली. १८७८ मध्ये सिनेटर सार्जंट यांनी जी दुरुस्ती मांडली, तिचे शब्द शेवटी १९१९ मध्ये जसेच्या तसे मंजूर झाले. एका वाक्यासाठी एकेचाळीस वर्षं. १८८७ मध्ये सिनेटमध्ये पहिल्यांदा मतदान झालं तेव्हा बाजूने १६ आणि विरोधात ३४.

इथे एक मराठी धागा आहे. डॉ. आनंदीबाई जोशींना मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पदवी मिळाली आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई पुढे १८८८ पर्यंत अमेरिकेत फिरल्या आणि १८८९ मध्ये इथल्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात इथल्या स्त्रियांच्या स्थितीवरही लिहिलं. आपल्याला वाटतं त्या दोघी ‘मुक्त’ देशात आल्या होत्या. पण आनंदीबाईंना शिकवणाऱ्या, स्वतः डॉक्टर असलेल्या प्राध्यापिकांना त्या शहरात मत देता येत नव्हतं.

शेवटच्या दहा वर्षांत मात्र गती आली. वॉशिंग्टन राज्य १९१०, कॅलिफोर्निया १९११, मग ओरेगन, कॅन्सस, ॲरिझोना. पश्चिमेकडची नवी राज्यं आधी आली. आमच्या न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलची ॲलिस पॉल इंग्लंडमधून आक्रमक मार्ग शिकून आली. ३ मार्च १९१३ ला, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, तिने वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा काढला. गर्दीने बायकांना ढकललं, मारलं. त्याच मोर्चात इडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार-नेत्याला इलिनॉयच्या गोऱ्या बायकांसोबत न चालता मागे चालायला सांगितलं गेलं. त्या बाजूला झाल्या आणि मोर्चा सुरू झाल्यावर गर्दीतून येऊन इलिनॉयच्या रांगेत चालू लागल्या. १९१७ मध्ये पॉल आणि तिच्या साथीदारांनी व्हाइट हाउससमोर फलक घेऊन मूक उभं राहणं सुरू केलं. अटका, ऑक्कोक्वानचा तुरुंग, उपोषण, नळीने जबरदस्ती खायला घालणं. १४ नोव्हेंबर १९१७ च्या रात्री ल्युसी बर्न्स यांचे हात डोक्याच्या वर कोठडीच्या गजांना बांधून ठेवले होते.

वर्गात मुलांना पॉल नेहमी जास्त आवडते, आणि मलाही तिच्याबद्दल अपार आदर आहे. तरी निर्णायक काय ठरलं असं मला विचाराल, तर मी त्याच महिन्यातल्या दुसऱ्या घटनेकडे बोट दाखवेन. ६ नोव्हेंबर १९१७ ला न्यूयॉर्क राज्याने सार्वमतात बायकांना मत दिलं. न्यूयॉर्कचे प्रतिनिधीगृहात ४३ सदस्य होते, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्या दिवसापासून त्या ४३ जणांना पुढच्या निवडणुकीत बायकांसमोर मत मागायला जायचं होतं. दोन महिन्यांनी, जानेवारी १९१८ मध्ये, प्रतिनिधीगृहाने दुरुस्ती २७४ विरुद्ध १३६ अशी मंजूर केली. दोन-तृतीयांशला जेमतेम पुरली. पॉलच्या फलकांनी विषय विझू दिला नाही, आणि न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांत सह्या गोळा करणाऱ्या बायकांनी मतं आणली. यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हे माझं मत आहे.

सिनेटने १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये पाडलं, १९१९ च्या फेब्रुवारीत एका मताने पाडलं, आणि ४ जून १९१९ ला ५६ विरुद्ध २५ ने मंजूर केलं. मग छत्तीस राज्यं जमवायची धावपळ. न्यू जर्सीने फेब्रुवारी १९२० मध्ये मंजुरी दिली. मार्चअखेर पस्तीस झाली आणि गाडी अडली. उरलं टेनेसी. ऑगस्टच्या उकाड्यात नॅशव्हिलमध्ये दोन्ही बाजूंची माणसं एकाच हॉटेलात उतरलेली, दुरुस्तीच्या बाजूने असणाऱ्यांच्या कोटाला पिवळं गुलाब, विरोधकांच्या कोटाला लाल. चोवीस वर्षांचा हॅरी बर्न लाल गुलाब लावून बसला होता. विषय बाजूला ठेवावा या प्रस्तावावर ४८-४८ अशी बरोबरी झाली. त्याच्या खिशात आईचं, फेब बर्न यांचं, पत्र होतं. गावाकडच्या घरच्या गोष्टी, आणि मध्येच, गुणी मुलासारखा वाग आणि मिसेस कॅट यांना मदत कर. प्रत्यक्ष मंजुरीच्या मतदानात त्याने ‘हो’ म्हटलं. १८ ऑगस्ट १९२०. नंतर त्याने सभागृहात सांगितलं, आईचा सल्ला मुलाने ऐकावा हेच बरं.

बहुतेक प्रकल्प इथे संपतात. तुमच्या मुलीने इथे थांबू नये.

एकोणिसावी दुरुस्ती म्हणते, लिंगावरून मत नाकारता येणार नाही. दुसऱ्या कारणाने नाकारायला ती आड येत नाही. दक्षिणेत मतदानकर, वाचन-लेखनाच्या परीक्षा आणि मारहाण तशीच चालू राहिली. ३१ ऑगस्ट १९६२ ला फॅनी लू हेमर मिसिसिपीतल्या इंडियानोला गावी नाव नोंदवायला गेल्या. राज्याच्या घटनेतलं ‘डी फॅक्टो’ (कागदावर नसले तरी प्रत्यक्षात चालणाऱ्या) कायद्यांबद्दलचं कलम समजावून लिहा, असं त्यांना सांगितलं गेलं. कापसाच्या मळ्यात राबणाऱ्या बाईला. त्या रात्री मळ्याच्या मालकाने सांगितलं, अर्ज मागे घे नाही तर घर सोड. अठरा वर्षं तिथे काम केलं होतं. त्यांनी घर सोडलं. मतदान हक्क कायदा आला ६ ऑगस्ट १९६५ ला. मूलनिवासींना नागरिकत्व १९२४ मध्ये मिळालं, पण न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाने त्यांना १९४८ पर्यंत मत दिलं नाही.

आणि आपण? सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या इथल्या एका भारतीयाच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. ते १९४६ मध्ये बदललं. १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं. १९२२ मध्ये ते सुधारलं, पण नवरा नागरिकत्वाला ‘अपात्र’ वंशाचा असेल, म्हणजे भारतीय असेल, तर १९३१ पर्यंत जातच राहिलं. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलाशी सांगलीकडच्या एक आजी आल्या, नातवाचा हात धरून. नागरिक झाल्यावरचं पहिलंच मतदान. त्यांनी सही देवनागरीत केली. आम्हाला ती नोंदणीच्या सहीशी ताडून पाहावी लागते. माझ्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या पक्षाच्या बाईंना ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण त्यांनी दोन्ही सह्या शेजारी धरून एकेक वळण बोटाने तपासलं आणि म्हणाल्या, अगदी तीच आहे. आजींनी मला विचारलं, “झालं का गं? आत जाऊ?”

आता तुमचा दुसरा प्रश्न, भारताचा. ‘एका दमात’ हे अर्धं खरं. मुंबई प्रांतात बायकांना १९२१ मध्येच मत मिळालं होतं, पण मालमत्तेच्या अटींमुळे फार थोड्यांना. १९३५ च्या कायद्याने आकडा वाढला, तरी शिक्षणाच्या, मालमत्तेच्या, नवऱ्याच्या मालमत्तेच्या अटी होत्याच. १९५० मध्ये सगळ्यांना मिळालं, कारण संविधान सभा कोऱ्या कागदावर लिहीत होती. मत देण्यासाठी आधीच्या मतदारांची एकेका राज्यात जाऊन परवानगी काढावी लागली नाही. न्यू जर्सीने १७७६ मध्ये केलं तेच, फक्त पन्नास पौंडांची अट न घालता आणि राज्यांना ते काढून घेण्याची मुभा न ठेवता.

आपल्याकडे अडचण यादीपाशी आली. पहिल्या निवडणुकीच्या याद्या बनवताना मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांत बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयोगाने अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. याच्या शेजारी ल्युसी स्टोनला ठेवून बघा. लग्नानंतरही तिने स्वतःचं नाव सोडलं नव्हतं. न्यू जर्सीतल्या ऑरेंजमध्ये राहत असताना, मत नाही तर कर नाही म्हणून तिने घराचा कर भरला नाही आणि जानेवारी १८५८ मध्ये तिच्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने शाळा समितीच्या निवडणुकीपुरतं बायकांना मत दिलं तेव्हा तिने नाव नोंदवलं. नवऱ्याचं आडनाव लावत नाही म्हणून तिला यादीतून काढून टाकलं. मत न देताच ती १८९३ मध्ये गेली. मतदार यादीत मी जेव्हा कोणाचं नाव शोधते आणि ते सापडायला वेळ लागतो, तेव्हा समोरच्या बाईचा चेहरा बघून मला या दोन्ही गोष्टी एकदम आठवतात.

फोटोचं. सुसान अँथनी चालेल. तिने आयुष्य दिलं. पण फोटोखाली तारीख घालायला सांगा: मृत्यू १३ मार्च १९०६, दुरुस्तीच्या चौदा वर्षं आधी. मी असते तर तिच्या शेजारी शार्लट वुडवर्डचं नावही लिहिलं असतं. १८४८ मध्ये ही तरुण मुलगी घरी बसून हातमोजे शिवून पैसे मिळवायची. सेनेका फॉल्सच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी १९२० मध्ये जिवंत असलेली बाई म्हणून तिचंच नाव सांगितलं जातं. नव्वदी ओलांडली होती. नोव्हेंबरमध्ये मतदान आलं, तेव्हा ती आजारी होती आणि तिला केंद्रावर जाता आलं नाही.